चिंचवड ते केरेतारो : सात वर्षांच्या मुलीची स्पॅनिशची तयारी

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीतल्या अभियंत्याची चिंचवडहून मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात बदली झाली. पत्र एप्रिलमध्ये आलं आणि मे महिन्यात ते एकटेच पुढे गेले. पत्नी आणि सात वर्षांची मुलगी ऑगस्टमध्ये जाणार होत्या, कारण तिकडच्या शाळा ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात. मुलगी मराठी माध्यमाची, नुकतीच दुसरी पास झालेली. इंग्रजी शाळेत एक विषय म्हणून होतं तेवढंच. घरात आई, आजी आणि ती. स्पॅनिशचा गंध कुणालाच नव्हता.

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, बहुतेक मोठ्या माणसांना. मुलीला शिकवणी लावावी असा आईचा विचार नव्हता. तिचं म्हणणं एवढंच होतं, "ताई, नेटवर लहान मुलांसाठी ढीगभर आहे. त्यातलं हिला काय देऊ आणि काय नको, ते सांगा." हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगनचा फार मोठा कारखाना मेक्सिकोतल्या पुएब्लात आहे. आपल्या आयटी कंपन्यांची कार्यालयं ग्वादालाहारा, मोंतेर्रेय, केरेतारो इथे आहेत. या ना त्या निमित्तानं पुण्याची कुटुंबं तिकडे जात असतात, आणि घरात लहान मूल असलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो : हिचं शाळेत कसं होणार? म्हणून हे एकच प्रकरण सविस्तर लिहिते आहे. कुटुंबाची परवानगी आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

आई माझ्याकडे येण्याआधी घरी सुरुवात झालेली होतीच. फोनमध्ये चार ॲप होती, त्यातल्या एकाची वर्षाची वर्गणीही भरलेली. गाण्यांची मोठी यादी करून ठेवली होती. रंग, फळं, प्राणी यांचे छापलेले कागद एका फायलीत लावलेले. मुलगी रोज तासभर या सगळ्यात असायची. तिला वीसपर्यंत अंक येत होते, दहा रंग येत होते, कुत्रा-मांजर-घोडा येत होतं. मी तिला स्पॅनिशमध्ये तिचं नाव विचारलं तेव्हा मात्र तिनं आईकडे पाहिलं.

मग मी तिला म्हटलं, तू रोज जसं करतेस तसं माझ्यासमोर कर. मी नुसती बघत बसते. त्या तासाभरात जे दिसलं त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं, म्हणून ते नीट सांगते.

ॲपवर एक वाक्य आलं. मुलगा सफरचंद खातो. वाक्य स्पॅनिशमध्ये, खाली इंग्रजी शब्दांच्या चौकटी, आणि त्या चौकटी जुळवून इंग्रजी वाक्य करायचं. मुलीनं स्पॅनिश वाक्य मोठ्यानं वाचलं, "एल निन्यो कोमे ऊना मान्साना." लगेच माझ्याकडे बघून म्हणाली, "मुलगा सफरचंद खातो." बरोबर. पण चौकटी जुळवताना तिची गाडी अडली. 'ईट' घ्यायचं की 'ईट्स'? तिनं 'ईट' घेतलं. लाल खूण आली, एक जीव कमी झाला, ती हिरमुसली. पुढच्या तीन वाक्यांतही तेच झालं. प्रत्येक वेळी तिला स्पॅनिश कळलेलं होतं, आणि प्रत्येक वेळी चूक धरली गेली ती इंग्रजीची.

मराठी घरांसाठी या प्रकरणात शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते. नेटवरची मुलांसाठीची बहुतेक स्पॅनिश साधनं इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी बनवलेली आहेत. त्यांना जे कठीण जातं त्यावर ती भर देतात, त्यांना जे सोपं जातं ते गृहीत धरतात. आपल्या मुलांची सोपी आणि कठीण ठिकाणं वेगळी आहेत.

उच्चारांपासूनच बघा. स्पॅनिशमध्ये स्वर पाच : आ, ए, इ, ओ, उ. प्रत्येकाचा एकच उच्चार. इंग्रजी मुलाला तो साधायला वेळ लागतो, आपल्या मुलाला तो आयता असतो. त आणि द दातांना जीभ लावून म्हणायचे, अगदी मराठीसारखे. प, त, क यांच्यात हवेचा झोत नाही, तेही मराठीसारखंच. पण मूल इंग्रजीच्या वाटेनं आलं की टोमॅटोला 'टोमाटे' म्हणतं, कारण इंग्रजीतला त्या अक्षराचा उच्चार आपल्याला ट असा शिकवलेला असतो. या मुलीचं नेमकं तसंच झालं होतं. 'ट'च्या जागी 'त' म्हण एवढंच सांगितलं, आणि पुढच्या मिनिटाला ती मेक्सिकोतल्या मुलीसारखं 'तोमाते' म्हणाली. त्या दिवसापासून घरातल्या वहीत स्पॅनिश शब्दांचा उच्चार देवनागरीत लिहायचा असं ठरलं.

व्याकरणाचंही तसंच. विशेषण नामाप्रमाणे बदलतं हे इंग्रजी मुलाला समजावण्यात धडेच्या धडे खर्ची पडतात. जी मुलगी जन्मापासून पांढरा घोडा आणि पांढरी गाय म्हणते, तिला 'काबायो ब्लांको' आणि 'बाका ब्लांका' यात नवल वाटत नाही. 'मला आवडतं' हे वाक्य घ्या. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता ला लेचे' म्हणजे मला दूध आवडतं, 'मे गुस्तान लोस गातोस' म्हणजे मला मांजरी आवडतात. आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे क्रियापद बदलतं, दोन्ही भाषांत. माझे मोठे विद्यार्थी इंग्रजीतून हे शिकतात तेव्हा आठवडाभर गोंधळतात. मुलीला मी मराठीतून एकदाच सांगितलं, आणि त्या संध्याकाळी तिनं आजीला आवडणाऱ्या आणि न आवडणाऱ्या भाज्यांची यादी स्पॅनिशमध्ये म्हणून दाखवली. तू आणि तुम्ही हा भेदही तिला घरचाच होता : मैत्रिणीला 'तू', बाईंना 'उस्तेद'.

म्हणून आम्ही पहिली चाळणी लावली ती अशी : ज्या साधनात उत्तर इंग्रजीत द्यावं लागतं ते बंद. चित्र, आवाज, हालचाल, खेळ यांच्या आधारानं अर्थ कळत असेल तरच ते ठेवायचं, आणि समजावण्याची वेळ आली तर ते मराठीत समजवायचं. या चाळणीनं चारपैकी तीन ॲप गेली. चौथ्यात शब्द ऐकून चित्रावर बोट ठेवायचं होतं, ते राहिलं. वर्गणीचे पैसे वाया गेले याची आईला हळहळ वाटली, ते साहजिक होतं.

दुसरी चाळणी वेळेची. रोज तासभर पडदा नको. वीस मिनिटं, आणि तीही शेजारी कुणीतरी बसलेलं असताना. त्या वीस मिनिटांत काय करायचं ते आता सांगते.

पाहण्यासाठी दोनच मालिका निवडल्या. एक पोकोयो. ही मूळची स्पेनचीच, २००५ सालची. भाग सात-सात मिनिटांचे, पार्श्वभूमी पूर्ण पांढरी, आणि एक निवेदक सावकाश, सुट्या वाक्यांत बोलतो. पडद्यावर एका वेळी एकदोनच गोष्टी असल्यामुळे 'ला पेलोता' म्हटलं की चेंडूच दिसतो, दुसरं काही ओळखायचं उरत नाही. दुसरी पेप्पा पिग, स्पॅनिशमधली. मुलीनं ती आधी बघितलेली होती, गोष्टी तोंडपाठ होत्या. माहीत असलेली गोष्ट नव्या भाषेत ऐकली की अर्थ शोधण्याचा ताण उरत नाही, कान भाषेकडे लागतात. मात्र पेप्पाचं स्पॅनिश दोन प्रकारचं मिळतं, एक स्पेनचं आणि एक लॅटिन अमेरिकेचं. आम्ही दुसरं घेतलं. स्पेनच्या बऱ्याच भागात बुटाला 'थापातो' म्हणतात, मेक्सिकोत 'सापातो'. स्पेनमध्ये रसाला 'सुमो', मेक्सिकोत 'खुगो'. बटाटा तिकडे 'पाताता', इकडे 'पापा'. स्पॅनिश ही २० देशांची राजभाषा आहे, हे फरक असणारच, आणि मूल पुढे ते सहज पचवतं. पण पहिल्या चार महिन्यांत ज्या गावाला जायचं तिथलाच कानाला सराव असावा. पोकोयोचा निवेदक स्पेनचा, तरी तो ठेवला, कारण इतकं सावकाश आणि स्वच्छ बोलणारं दुसरं काही मला माहीत नाही.

एकच भाग आठवडाभर. पहिल्या दिवशी नुसता बघायचा. दुसऱ्या दिवशी मध्येमध्ये थांबवून "आता काय होणार?" असं आईनं मराठीत विचारायचं. नंतर आवाज बंद करून मुलीनं जमेल ते बोलायचं. आईला भीती होती की मुलगी कंटाळेल. सात वर्षांच्या मुलांना पुन्हापुन्हा तेच आवडतं, कंटाळा मोठ्यांना येतो. खरा त्रास होता तो आपोआप सुरू होणाऱ्या पुढच्या व्हिडिओचा. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद केली आणि भाग टीव्हीवर लावायला सुरुवात केली, फोन मुलीच्या हातात राहिलाच नाही.

डोरा नावाची मालिका मात्र मी काढून टाकायला सांगितली. आईनं ती मोठ्या उमेदीनं यादीत घेतली होती. मूळ अमेरिकन मालिका इंग्रजीत आहे आणि मधूनमधून स्पॅनिश शब्द शिकवते. त्यातलं स्पॅनिश तोंडी लावण्यापुरतं. आणि तिचं स्पॅनिश भाषांतर लावलं तर डोरा मुलांना इंग्रजी शब्द शिकवू लागते. आपल्या कामाची दोन्ही नाहीत.

आता लोतेरिया. हा मेक्सिकोतला घरोघरचा खेळ. आपल्याकडच्या हौजीशी नातं सांगणारा, पण अंकांऐवजी चित्रं. पत्ते ५४, प्रत्येकावर एक चित्र आणि खाली नाव : एल गायो म्हणजे कोंबडा, ला लूना म्हणजे चंद्र, ला एस्कालेरा म्हणजे शिडी, ला राना म्हणजे बेडूक. प्रत्येक खेळाडूसमोर १६ चित्रांचा तक्ता. एक जण पत्ता काढून नाव पुकारतो, ज्याच्या तक्त्यावर ते चित्र असेल त्यानं त्यावर दाणा ठेवायचा. रांग भरली की "लोतेरिया!" असं ओरडायचं. गूगलनं ९ डिसेंबर २०१९ रोजी आपल्या मुखपृष्ठावर हा खेळ ठेवला होता, तो त्यांच्या संग्रहात अजून खेळता येतो, फुकट. मुलगी आधी तिथे खेळली. मग आईनं तक्ते आणि पत्ते छापून पुठ्ठ्यावर चिकटवले. दारुडा, सैतान, मृत्यू असे काही पत्ते, आणि आजच्या मुलांपुढे ठेवू नयेत अशी एकदोन जुनी चित्रं काढून ठेवली. मेक्सिकोत तक्त्यावर घेवड्याचे दाणे ठेवतात, आजीनं डब्यातले चिंचोके काढून दिले.

आजी खेळात आली आणि या प्रकरणाला वेगळंच वळण लागलं. रोज जेवणानंतर तिघी बसायच्या. पुकारायचं काम मुलीचं. आजीला रोमन लिपी येत नव्हती, त्यामुळे तिला नाव ऐकूनच चित्र शोधावं लागे, आणि तिनं चुकीचा उच्चार केला की नात सुधारायची.

"ला गायो," असं आजी म्हणाली की मुलगी म्हणायची, "ला नाही गं आजी, एल. तो कोंबडा ना? तो असला की एल, ती असली की ला."

"मग चंद्राला ला कसं? चंद्र तर तो."

"त्यांच्याकडे चंद्र ती असते."

"आणि झाड? झाड तर ते!"

मुलगी जरा थांबली. "त्यांच्याकडे ते नसतंच. झाडाला एल आर्बोल म्हणतात, तो झाड."

हा संवाद आईनं मला फोनवर सांगितला तेव्हा मी अक्षरशः उठून उभी राहिले. मराठीत तीन लिंगं, स्पॅनिशमध्ये दोन, त्यामुळे आपली नपुंसकलिंगी नामं तिकडे दोन्हींत वाटली जातात, हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगते. या मुलीनं ते खेळताना स्वतः शोधलं आणि आजीला शिकवलं. पत्त्यावर प्रत्येक नावाआधी एल किंवा ला छापलेलं असतं, त्यामुळे शब्द लिंगासकट तोंडात बसतो. नुसती नामं शिकवणाऱ्या चित्रपट्ट्यांत बहुतेकदा हेच राहून जातं आणि पुढे वर्षभर दुरुस्त करत बसावं लागतं.

तिसरी गोष्ट जिवंत माणसाची. याबद्दल दोन अभ्यास मला महत्त्वाचे वाटतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर प्रयोग प्रसिद्ध केला. काही बाळांशी मँडरिन बोलणारी माणसं प्रत्यक्ष खेळली, काहींना तीच माणसं व्हिडिओवर दाखवली, काहींना नुसता आवाज ऐकवला. १२ बैठकांनंतर मँडरिनमधले ध्वनी वेगळे ओळखता आले ते फक्त प्रत्यक्ष खेळलेल्या बाळांना. पुढे २०१४ साली रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर काम केलं. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून ती नवे शब्द शिकली नाहीत, पण व्हिडिओ कॉलवर समोरचं माणूस त्यांच्या बोलण्याला उत्तर देत होतं तेव्हा शिकली. सात वर्षांचं मूल बाळ नसतं, ते व्हिडिओतून बरंच घेऊ शकतं. तरी समोरून उत्तर येणं किती मोलाचं असतं, ते यातून स्पष्ट होतं.

म्हणून वडिलांना सांगितलं, तिकडे कुणी मूल असलेलं घर शोधा. त्यांच्या एका सहकाऱ्याचा नऊ वर्षांचा मुलगा होता, त्याची आई तयार झाली. केरेतारो आपल्या साडेअकरा तास मागे. शनिवारी चिंचवडला रात्रीचे आठ म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ. पहिल्या कॉलवर दोन्ही मुलं लाजून गप्प होती. दुसऱ्या वेळी आम्ही लोतेरिया ठेवली. तिकडे मुलगा पुकारणार, इकडे मुलगी दाणे ठेवणार. मग कुणाला काही सुचवावं लागलं नाही.

त्या मुलाकडून जे मिळालं ते कुठल्याही साइटवर मिळालं नसतं. नेटवरच्या साधनांत नामांची रेलचेल असते : रंग, फळं, प्राणी, शरीराचे अवयव. ती चित्रात काढता येतात म्हणून सगळीकडे तीच. पण मैदानात उभ्या राहिलेल्या मुलाला जांभळा रंग आणि जिराफ कशाला लागतो? त्याला लागतं 'मे तोका', म्हणजे आता माझी पाळी. 'एस्पेरा', थांब. 'मीरा', बघ. 'दामे', दे मला. 'प्रेस्तामे एल लापिस', पेन्सिल दे ना जरा. 'या आकाबे', माझं झालं. 'नो एन्तिएन्दो', मला कळलं नाही. 'पुएदो इर आल बान्यो?', बाथरूमला जाऊ का? 'मे दुएले ला पान्सा', पोट दुखतंय. आणि मेक्सिकोत हटकून लागणारं 'मान्दे?', कुणी हाक मारली किंवा नीट ऐकू आलं नाही की आदरानं म्हणतात ते. हे 'मान्दे' मी पाहिलेल्या मुलांच्या एकाही धड्यात नव्हतं. त्या घरात ते प्रत्येक दुसऱ्या वाक्याला येत होतं.

आईनं हे पंधरा-वीस तुकडे देवनागरीत लिहून फ्रिजवर लावले आणि घरात त्यांचाच वापर सुरू केला. जेवताना पापड हवा असेल तर 'दामे'. टीव्हीच्या रिमोटवरून भांडण झालं की 'मे तोका'. आज्ञा ऐकून हालचाल करायची, बस, उठ, उडी मार, दार लाव, हा खेळही रोज होत असे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली. लहान मुलाला बोलायची सक्ती न करता भाषा अंगात मुरवायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

वाचनाचं आम्ही जुलैपर्यंत थांबवलं होतं. ते सुरू केलं तेव्हा एक सुखद धक्का बसला. स्पॅनिश मुलांना वाचायला शिकवण्याची जुनी रूढ पद्धत अक्षरसमूहांची आहे : मा, मे, मी, मो, मू. पा, पे, पी, पो, पू. आपली बाराखडीच. नेटवर याचे तक्ते आणि व्हिडिओ मुबलक आहेत, कारण तिकडची मुलं त्यावरच वाचायला शिकतात. इंग्रजी बोलणाऱ्यांसाठीच्या साधनांत मात्र हे क्वचित दिसतं. बाराखडी घोकलेल्या मुलीला फक्त रोमन चिन्हं नवी होती. अडथळे दोनच. इंग्रजीच्या सवयीनं ती 'ई' या अक्षराला ई आणि 'आय'ला आय वाचत होती, ते ए आणि इ असं बदलावं लागलं. आणि क-ची ओळ : का, को, कू लिहिताना 'सी' हे अक्षर, पण के, की लिहिताना 'क्यू-यू'. त्यासाठी केरेतारो हे नावच कामी आलं. आपल्या होऊ घातलेल्या गावाच्या नावातच नियम आहे म्हटल्यावर ती तो विसरली नाही.

वर्णमालेची गाणी मात्र जपून निवडावी लागतात. स्पॅनिशचे लेखननियम ठरवणाऱ्या रेआल आकादेमिया एस्पान्योला या संस्थेच्या २०१०च्या लेखनकोशापासून स्पॅनिश वर्णमालेत २७ अक्षरं आहेत. 'च' आणि 'य'साठीची जोडअक्षरं त्याआधी स्वतंत्र अक्षरं म्हणून मोजली जात. नेटवर जुन्या हिशोबाची गाणी अजून भरपूर फिरतात. आईनं निवडलेलं गाणं तसंच होतं, तेवढं बदललं.

पुस्तकांसाठी दोन ठिकाणं उपयोगी पडली आणि दोन्ही विनामूल्य. पहिलं प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, बंगळुरूहून २०१५ साली सुरू झालेलं. तिथे एकच चित्रगोष्ट मराठीत आणि स्पॅनिशमध्ये, दोन्ही मिळू शकते. पहिल्या पातळीच्या गोष्टींत पानावर एखाददुसरंच वाक्य असतं. आधी मराठी वाचायची, दुसऱ्या दिवशी स्पॅनिश. भाषांतरं वेगवेगळ्या लोकांनी केलेली असल्यामुळे दर्जा कमीजास्त आहे. मी आधी नजर घालून गोष्टी निवडून दिल्या. ओळखीत भाषा जाणणारं कुणी असेल तर एवढी मदत जरूर मागावी.

दुसरं ठिकाण मेक्सिको सरकारचं. आपल्याकडे १९६७ साली बालभारती स्थापन झाली, तिकडे १९५९ साली कोनालितेग ही मोफत पाठ्यपुस्तकांची संस्था निघाली. बालभारतीसारखीच तिचीही पुस्तकं संकेतस्थळावर पानोपान बघता येतात, आणि जुन्या आवृत्त्याही तिथे आहेत. मुलगी वयानं तिकडच्या दुसरीत जाणार होती. मी आईला पहिलीचं पुस्तक उघडायला सांगितलं. वाचण्यासाठी नव्हे, चित्रांसाठी. वर्ग कसा दिसतो, बाई फळ्यावर काय लिहितात, मधल्या सुट्टीला 'रेक्रेओ' म्हणतात, गृहपाठाला 'तारेआ'. सोमवारी मुलं झेंड्याला मानवंदना देतात ते चित्र बघून मुलीनं विचारलं, "तिकडे जन गण मन नसतं?" पुढचा अर्धा तास त्यावर गप्पा झाल्या. मुलीच्या मनातली नव्या शाळेची भीती त्या पुस्तकानं कमी केली असं आई म्हणते, आणि मला ते पटतं. परदेशी शिकणाऱ्यांसाठी बनवलेलं गोजिरवाणं साहित्य हे करू शकत नाही, कारण ते कुठल्याच खऱ्या शाळेचं नसतं.

एक सावधगिरी. जिथे खातं उघडावं लागलं तिथे ते आईच्या नावानं उघडलं, मुलीचा फोटो, जन्मतारीख, शाळा काही दिलं नाही. भारताच्या २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा काही म्हणो, मुलाची माहिती कमीत कमी ठिकाणी जावी हेच शहाणपण.

ऑगस्टमध्ये त्या गेल्या. पहिले काही आठवडे मुलगी वर्गात जवळजवळ बोललीच नाही. आईचा मला घाबराघुबरा फोन आला : "घरी इतकं बोलायची, शाळेत तोंड उघडत नाही." नव्या भाषेच्या वर्गात गेलेली पुष्कळ मुलं सुरुवातीचा काळ नुसतं ऐकण्यात घालवतात, भाषा शिक्षकांना हे चांगलं ठाऊक असतं. मी आईला एकच विचारायला सांगितलं, बाईंनी सांगितलेलं ती करते का? करत होती. वही काढा म्हटलं की काढत होती, रांगेत उभं राहत होती. म्हणजे कळत होतं. तिच्या तोंडून शाळेत पहिल्यांदा आलेलं वाक्य, बाईंच्या सांगण्यानुसार, झोपाळ्याजवळचं 'मे तोका'. डिसेंबरमध्ये १६ तारखेपासून तिकडे पोसादांचे, म्हणजे नाताळाआधीचे सण सुरू होतात, मुलं पिन्याता, म्हणजे आत खाऊ भरून टांगलेली रंगीत आकृती, काठीनं फोडतात. तोवर ती आरडाओरड्यात सामील झाली होती.

वाचन अपेक्षेपेक्षा लवकर आलं. दिवाळीच्या सुमारास ती अर्थ न कळलेलं पानही धडाधडा वाचायची, उच्चार स्वच्छ. अर्थ मागून येत राहिला. लिहिताना ब-च्या दोन अक्षरांत घोटाळा होतो, पण त्यांचा उच्चार एकच असल्यानं तो तिच्या वर्गातल्या मेक्सिकन मुलांचाही होतो. कमी पडलं ते दोन बाबतींत. भूतकाळ आम्ही फारसा हाताळला नव्हता, त्यामुळे काल काय झालं हे सांगताना ती अडायची, आणि लहान मुलांचं निम्मं बोलणं कालचंच असतं. दुसरं, आईच्या स्पॅनिशकडे आम्ही लक्षच दिलं नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप गटातल्या सूचना मुलगी वाचून दाखवते आणि आई भाषांतराच्या ॲपवर ताडून बघते. आता आईही शिकते आहे, मुलीच्याच शाळेच्या पुस्तकांवरून.

सध्या माझ्याकडे आणखी एक कुटुंब आलं आहे, पाच वर्षांचा मुलगा, जायचं मोंतेर्रेयला. त्याला मराठीही अजून वाचता येत नाही, म्हणून अक्षरं आणि पुस्तकं बाजूला ठेवली आहेत. लोतेरियाचे ५४ऐवजी २० पत्ते घेतले आहेत. मैदानावरचे तुकडे पहिल्या आठवड्यापासून आहेत, त्यात 'काल'ची चार वाक्यंही घातली आहेत. व्हिडिओ कॉल आठवड्यातून दोनदा. आणि फ्रिजवरच्या यादीशेजारी आईबाबांची वेगळी यादी लावली आहे, तिच्यात पहिलं वाक्य आहे : बाई, आज त्यानं डबा खाल्ला का?